पहिले तीस मीटर लोखंडाचे

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला अमेरिकेनं पाच दिवसांच्या अंतरानं दोन सुवर्णपदकं घेतली. ४ तारखेला नोआ लाइल्सनं शंभर मीटरची शर्यत ९.७९ सेकंदांत जिंकली. ९ तारखेला टेनेसी राज्यातल्या चॅटनूगाच्या ऑलिव्हिया रीव्ह्जनं ७१ किलो वजनगटात स्नॅचमध्ये ११७ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १४५ असे २६२ किलो उचलले. शंभर मीटरचं सुवर्ण अमेरिकेला नवं नाही. वेटलिफ्टिंगचं मात्र अतिदुर्मीळ. त्याआधीचं मिळालं होतं २००० साली सिडनीत, टारा नॉटला. पुरुषांत तर १९६० च्या रोमनंतर, म्हणजे चार्ल्स विन्चीनंतर, कुणालाच नाही.

आणि तरीही याच देशात अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या शाळा-कॉलेजांच्या जिममध्ये पॉवर क्लीन हा नेहमीचा व्यायाम आहे. जमिनीवरचा बार एका झटक्यात खांद्यांवर घ्यायचा. म्हणजे ऑलिंपिक वेटलिफ्टिंगचा अर्धा डाव! ही मुलं पुढे वेटलिफ्टर होत नाहीत, होण्याचा त्यांचा विचारही नसतो. त्यांना धावायचं असतं. अमेरिकेत बार खेळ म्हणून फारसा रुजला नाही, औषध म्हणून रुजला. आणि ज्यावर ते औषध द्यायचं ते दुखणं म्हणजे वेग कमी पडणं. औषध लागू पडतं का, आणि पडलं तर किती, याचा हा आढावा.

वजनांनी वेग वाढतो हा समज पूर्वी नेमका उलटा होता, हे आधी सांगायला हवं. वजनं उचलली की अंग आखडतं, माणूस जड होतो, हात-पाय मोकळे राहत नाहीत, असं आपल्या तालमींतले जुने वस्ताद सांगत. अमेरिकेतले क्रीडाशिक्षक अगदी हेच सांगत होते. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड कॉलेजात (बास्केटबॉलचा जन्म इथलाच, १८९१ चा) पीटर कार्पोविच हे नामांकित शरीरशास्त्रज्ञ होते आणि त्यांचंही मत हेच. १९४० साली पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावचा बारबेल बनवणारा कारखानदार बॉब हॉफमन आपले दोन गडी घेऊन तिथं प्रात्यक्षिकाला गेला. एक जॉन ग्रिमेक, दुसरा जॉन डेव्हिस. डेव्हिसनं पुढे १९४८ आणि १९५२ ची ऑलिंपिक सुवर्णं जिंकली. प्रात्यक्षिक झाल्यावर कार्पोविचांनी ग्रिमेकला पाठ खाजवून दाखवायला सांगितलं. एवढ्या दंडांचा माणूस स्वतःच्या पाठीपर्यंत पोचणारच नाही, अशी त्यांची खात्री. ग्रिमेकनं पाठ खाजवली, वर दोन्ही पाय फाकवून जमिनीवर बसूनही दाखवलं.

कार्पोविच खरे शास्त्रज्ञ. हसण्यावारी न नेता त्यांनी मोजमाप सुरू केलं. १९५१ साली त्यांचा आणि झॉर्बास यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: तीनशे वजन उचलणारे, तीनशे न उचलणारे, आणि हातानं एक दांडी गरागरा फिरवायची. वजन उचलणारे जास्त वेगवान निघाले. हाताचा वेग म्हणजे धावण्याचा वेग नव्हे, हे उघड आहे. पण भीतीची पहिली वीट निखळली ती इथं.

इमारत ढासळायला आणखी अठरा वर्षं लागली, आणि ढासळली ती नेब्रास्कात. लिंकन शहरातल्या विद्यापीठात बॉइड एप्ली नावाचा बांबूउडी मारणारा विद्यार्थी दुखापतीमुळे जिममध्ये वजनं उचलत बसायचा. दुखापत झालेले फुटबॉलपटू त्याच्या आजूबाजूला जमू लागले आणि मैदानावर परतताना आधीपेक्षा दणकट होऊन परतू लागले. १९६९ साली मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांनी त्याला पगारावर ठेवलं, पण एक अट घालून: एक जरी पोरगा हळू झाला, तर तुझी नोकरी गेली. मला ही अट फार आवडते. 'ताकद वाढव' असं डेव्हनी म्हणालेच नाहीत. त्यांनी घड्याळ पुढे केलं. १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षं नेब्रास्का राष्ट्रीय विजेता ठरलं, आणि १९७८ साली अशा प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना लिंकनमध्येच एप्लींनी उभी केली. आज अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या कॉलेज-संघांकडे ताकदीचा वेगळा प्रशिक्षक असतो, त्या पेशाचं मूळ हे.

आता यंत्रणेकडे वळू, कारण सगळी गोम तिथं आहे. स्नॅच (बार एकाच दमात थेट डोक्यावर) किंवा क्लीनमध्ये बार गुडघ्यांच्या वर आला की घोटा, गुडघा आणि कंबर जवळपास एकाच क्षणी ताणून उघडतात. इंग्रजीत या हालचालीला सेकंड पुल म्हणतात, आपण दुसरी ओढ म्हणू. ही ओढ सेकंदाच्या साधारण पाचव्या हिश्शात किंवा त्याहून कमी वेळात संपते. कॅलिफोर्नियातले अभ्यासक जॉन गारहॅमर यांनी उत्तम पुरुष लिफ्टरांच्या फिती मोजून दाखवलं की तेवढ्या क्षणात शरीराच्या दर किलोमागे ५० वॅटच्या आसपास शक्ती बाहेर पडते. नुसत्या अवजड डेडलिफ्टमध्ये (बार जमिनीवरून कमरेपर्यंत उचलण्यात) आकडा याच्या कितीतरी खाली राहतो, कारण वजन मोठं असलं तरी ते रांगत वर येतं.

धावपटूकडे पाहा. ब्लॉकमधून सुटताना पहिल्या पावलाचा जमिनीशी संपर्क सुमारे ०.२ सेकंदांचा. म्हणजे दुसऱ्या ओढीएवढाच! सांधे तेच, क्रम तोच, वेळही जवळपास तीच. म्हणून सुरुवातीच्या पावलांना बार मदत करतो यात नवल नाही. पण पन्नास-साठ मीटरवर, पूर्ण वेगात, पाय जमिनीवर असतो ०.१ सेकंदाहूनही कमी. शिवाय लिफ्टर दोन पायांवर सरळ वर ढकलतो. धावणारा एका पायावर असतो आणि त्याला पुढे जायचं असतं.

हार्वर्डच्या प्रयोगशाळेत पीटर वेयांड आणि सहकाऱ्यांनी ३३ जणांना ट्रेडमिलवर पळवलं आणि २००० साली निष्कर्ष मांडला. तो ऐकून अनेक प्रशिक्षकांची झोप उडाली असेल. सेकंदाला ६.२ मीटर धावणारा आणि ११.१ मीटर धावणारा, या दोघांचा पाय हवेतून पुढे येण्याचा वेळ जवळपास सारखाच. फरक कुठं? जमिनीला मारलेल्या धक्क्यात. वेगवान माणसाचा धक्का सुमारे सव्वापट. 'पाय भराभर हलव' ही मैदानावरची ओरड त्यामुळे निम्मी फोल ठरली आणि जिमवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण पुढचं पान वाचायला हवं. वेयांड आणि केनेथ क्लार्क यांनी २०१४ साली दाखवलं की खरे धावपटू हा जास्तीचा धक्का पाऊल टेकल्यानंतरच्या पहिल्या निम्म्या वेळातच देतात. घोटा ताठ, पाय वरून हातोड्यासारखा. फ्रान्सचे झां-बेन्वा मोरँ यांनी त्याआधी वेगळीच बाब पुढे आणली होती: वेग घेताना एकूण जोर किती यापेक्षा त्यातला किती पुढच्या दिशेनं वळवता येतो, हे जास्त महत्त्वाचं. ही दोन्ही कामं बार शिकवत नाही. ती ट्रॅकवरच शिकायची.

आकडेही हेच सांगतात. नॉर्वेच्या फुटबॉलपटूंवर (हा पायाचा फुटबॉल) २००४ साली प्रसिद्ध झालेल्या विस्लॉफ यांच्या अभ्यासात अर्ध्या स्क्वॉटची ताकद आणि १० मीटर धाव यांचा संबंध ०.९४ इतका घट्ट निघाला. ३० मीटरला तो ०.७१ वर उतरला. अंतर वाढतं तसा लोखंडाचा हात सुटत जातो. आणि ऑलिंपिक पद्धत की साधी ताकद? न्यू जर्सीच्या एका कॉलेजात पंधरा आठवडे फुटबॉलपटूंचे दोन गट करून पाहिले. ऑलिंपिक पद्धतीच्या गटाची उभी उडी जास्त सुधारली. ४० यार्डांच्या धावेत मात्र निर्णायक फरक काही निघाला नाही. क्लीनचे भक्त पहिलं वाक्य सांगतात, दुसरं गिळतात.

माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण अॅलिसन फेलिक्सचं. लॉस एंजेलिसच्या शाळेत असताना पायांच्या काड्यांवरून तिला चिडवत. तिथले ताकदीचे प्रशिक्षक बॅरी रॉस यांनी तिला क्लीन नव्हे, डेडलिफ्ट करायला लावलं: बार गुडघ्यापर्यंत न्यायचा आणि सोडून द्यायचा, उतरवायचा नाही, आवर्तनं मोजकी. ताकद वाढावी पण वजन वाढू नये, हा हिशोब. ५७ किलोंच्या आसपासची ती पोर १२० किलोंच्या घरात उचलू लागली. २००३ साली, सतराव्या वर्षी, मेक्सिको सिटीत तिनं दोनशे मीटर २२.११ सेकंदांत पार केली. पुढे अकरा ऑलिंपिक पदकं, त्यांतली सात सुवर्ण. तंत्रशुद्ध क्लीन न करताही हे होतं, म्हणजे जादू त्या विशिष्ट डावात नाही. वजनाच्या मानानं ताकद वाढण्यात आहे.

उलट बाजूला डीके मेटकाफ. सुमारे १०६ किलोंचा हा व्यावसायिक फुटबॉलपटू २०२१ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात धावपटूंसोबत शंभर मीटर पळायला उतरला. वेळ १०.३६ सेकंद. एवढ्या देहाला अचाट! पण आपल्या शर्यतीत तो शेवटचा आला.

ताकद आणि धाव यांचं खरं लग्न लागतं ते बॉबस्लेजमध्ये. बर्फाच्या नळीतल्या त्या गाडीला सुरुवातीला काही सेकंद जीव तोडून ढकलायचं आणि आत उडी मारायची. अमेरिकी संघाच्या निवड चाचण्यांत धावेबरोबर पॉवर क्लीन आणि स्क्वॉटही मोजत आले आहेत. लॉरिन विल्यम्स २००४ च्या अथेन्समध्ये शंभर मीटरला रौप्य घेऊन आली आणि २०१४ च्या सोचीत बॉबस्लेजला रौप्य. जिथं ढकलणाऱ्याचा वाटा पहिल्या पन्नास मीटरांत संपतो, तिथं बार राजा.

आपल्याकडे सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं. सुवर्ण एका किलोनं हुकलं, कारण क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावलं. वर्षानुवर्षं हेच एक काम केलेल्या मुलाचं असं होतं, तर रील पाहून क्लीन शिकणाऱ्या धावपटूचं काय होईल? जिल्हा पातळीवर पोरं पळवणाऱ्या प्रशिक्षकांना म्हणून एक विनंती: आधी काठी घेऊन हालचाल शिकवा, स्क्वॉट पक्का करा, आणि दर महिन्याला तीस मीटर आणि शंभर मीटर दोन्हींची वेळ लिहून ठेवा. फक्त पहिलीच सुधारत असेल, तर जिममधला वेळ कमी करून ट्रॅकवर या.

पॅरिसच्या त्या अंतिम शर्यतीत तीस मीटरला नोआ लाइल्स आठांमध्ये शेवटचा होता. रेषेवर तो जमैकाच्या किशेन थॉम्पसनच्या पुढे निघाला, सेकंदाच्या पाच सहस्रांश भागानं.