‘जेवणापूर्वी एक गोळी’ : रायगड किनाऱ्यावरील मधुमेहोपचाराचा भाषिक विचार

चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे वीस प्रकार मानून मधुमेहाची गणना त्यांतच केली. अरबीच्या मार्गाने उर्दूत आलेली ‘झियाबेतुस’ ही संज्ञा मूळची ग्रीक असून तिचा अर्थ ‘आरपार वाहून जाणे’ असा होय. एका परंपरेने मूत्राचे माधुर्य टिपले, दुसरीने त्याचा ओघ. साखर खाण्याचा निर्देश या दोन्ही नावांत नाही. आज लोकांच्या तोंडी रुळलेल्या ‘शुगर’ या शब्दाने मात्र रोगाचे कारण आणि पथ्य ही दोन्ही साखरेच्या डब्यापुरती आकुंचित केली आहेत. चहातील साखर सोडलेला मनुष्य दोन्ही वेळा ताटभर भात निःशंकपणे जेवतो, याचे मूळ पुष्कळ अंशी या नामकरणात आहे. शिवाय गोड पदार्थ ज्याच्या वाट्याला क्वचितच येतो, त्याला हा रोग आपला वाटण्याचे कारणच उरत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १०.१ कोटी असल्याचा अंदाज दिला आहे. हा केवळ सुखवस्तूंचा रोग आहे, हे म्हणणे आता टिकण्यासारखे नाही.

औषधाच्या पुडीवरील ‘जेवणापूर्वी’ हा शब्द दिसावयास निरुपद्रवी आहे. परंतु दोन ठराविक जेवणांचा दिवस त्यात गृहीत धरलेला असतो. मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन या भागांतील कोकणी मुसलमान रुग्णाचा दिवस रमजानमध्ये उलटतो. पहाटेची सहरी आणि सूर्यास्तानंतरचा इफ्तार यांमध्ये तेरा-चौदा तासांचे अंतर पडते. सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेऊन रोजा धरला, तर ग्लिमेपिराइडसारख्या औषधाने दुपारी रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मेटफॉर्मिनच्या बाबतीत हे भय पुष्कळच कमी असते. तेरा देशांतील मधुमेही मुसलमानांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही रमजानमध्ये तीव्र शर्करान्यूनतेचे प्रमाण वाढल्याचे आढळले होते.

कुराणाने आजाऱ्यास रोज्यातून सवलत दिली आहे, हे खरे. तथापि केवळ तेवढे सांगून रुग्णाची बोळवण करणारा वैद्य बहुधा फसतो. ज्याला स्वतःस आजारी म्हणवून घ्यावयाचे नाही, तो रोजा धरतोच, आणि तो दवाखान्यात सांगत नाही. यास्तव ‘रोजा धरू नका’ या वाक्याऐवजी ‘रोजे धरणार आहात काय?’ हा प्रश्न रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी विचारला जाणे अधिक हितकर होय. मग मात्रा बदलता येते, गोळीची वेळ इफ्तारकडे नेता येते, आणि हातपाय थरथरू लागल्यास रोजा तत्काळ सोडावा, हेही पटविता येते. बोटाच्या टोकातून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे. तेच मशिदीतून सांगितले गेल्यास दवाखान्यातील फलकापेक्षा अधिक काम करील.

कातकऱ्यांची अडचण निराळी आहे. कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणल्या गेलेल्या या जमातीतील अनेक कुटुंबे पावसाळ्यानंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पुढच्या पावसाच्या तोंडाशी परततात. एका महिन्याचे औषध देऊन ‘पुढच्या महिन्यात या’ असे सांगणे हे त्यांच्या बाबतीत उपचार थांबविण्यासारखेच आहे. स्थलांतरापूर्वी तीन महिन्यांच्या गोळ्या आणि कोणत्याही आरोग्य केंद्रात दाखविता येईल असा कागद हाती देणे, हा त्यावरील साधा उपाय. इन्सुलिन घेणाऱ्यास शीतकपाट कोठून मिळणार? ओल्या वाळूत ठेवलेले मातीचे मडके उष्णता बरीच कमी करते. मात्र कुपीत पाणी शिरता कामा नये.

कातकऱ्यांची बोली मराठीस जवळची आहे. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ मधील सातव्या खंडात मराठीच्या बोलींबरोबरच तिची नोंद आढळते. या जवळिकेमुळेच आरोग्यसेवकास आपले बोलणे पोचले असे वाटते. ‘पायास बधिरता आहे का?’ या प्रश्नाला मान हलते, उत्तर मिळत नाही. ‘चालताना पायातली चप्पल निसटली, तर कळते का?’ असे विचारले, तर तोच रुग्ण नेमके सांगू शकतो. आणि जो अनवाणीच चालतो, त्याच्या तळव्यातला काटा शेवटचा कोणी काढला, हे विचारावे लागते.