फोर-व्हीलचा दिवा लागला, पण पुढची चाकं गाडी ओढतात का? असं तपासा

इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्ससारख्या पिकअपमध्ये एरवी इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते. 'फोर-एच' निवडल्यावर ती पुढच्या चाकांनाही मिळते. मात्र नुसता डॅशबोर्डवरचा दिवा हा त्याचा पुरावा नाही.

कसं तपासाल?

१. सैल मातीची मोकळी जागा निवडा. कोरड्या डांबरी रस्त्यावर नको. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि गिअर, शाफ्टवर ताण येतो.

२. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. 'टू-एच'पेक्षा गाडी अडखळत, जड चालली, तर जोडणी झाली आहे.

३. थोडा जोर द्या. बाजूला, सुरक्षित अंतरावर उभ्या माणसाला पुढची चाकंही माती उडवताना दिसायला हवीत.

जुनी पिकअप घेताय? मग ही चाचणी सौद्याआधीच करा. चिखलात रुतल्यावर दोष कळून उपयोग नाही.