गुणगौरव करायचा तर

दहावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि जूनचा पाऊस टेकायच्या आत चौकातले फ्लेक्स बदलतात. वाढदिवसांचे उतरतात, गुणवंतांचे चढतात. पाठोपाठ मंगल कार्यालयांच्या तारखा निघतात, शालींचे गठ्ठे येतात, सन्मानचिन्हांच्या दुकानात नावं कोरायला गर्दी होते. महाराष्ट्रात गुणगौरव समारंभ हा आता ठरलेला हंगाम आहे. तो चांगलाच आहे. ज्या समाजात मुलांच्या अभ्यासाचं जाहीर कौतुक होतं, तिथे अभ्यासाला किंमत असते. प्रश्न उरतो तो कौतुकाच्या मोजपट्टीचा.

कोण करतं, कुणाचं करतं

शाळा करते, ग्रामपंचायत करते, पतसंस्था सभासदांच्या पाल्यांचा करते, ज्ञातिमंडळ आपल्या ज्ञातीतल्या मुलांचा करतं. गणेशोत्सव मंडळं, हाउसिंग सोसायट्या, माजी आणि इच्छुक नगरसेवक हेही आलेच. पद्धत सगळीकडे एकच. ‘गुणपत्रिकेची झेरॉक्स व पासपोर्ट साइझ फोटो अमुक तारखेपर्यंत कार्यालयात जमा करावा’ अशी सूचना निघते आणि तिच्यात एक अट असते: ८० टक्के किंवा ८५ टक्के आणि त्यापुढे.

या अटीचा परिणाम सरळ आहे. ९६ टक्के मिळवणाऱ्या मुलीचा सत्कार शाळेत होतो, सोसायटीत होतो, मंडळात होतो आणि क्लासमध्येही होतो. तिच्याच वर्गातला, शाळा सुटल्यावर गॅरेजमध्ये काम करून ५८ टक्के मिळवणारा मुलगा एकाही यादीत बसत नाही. आयोजकांच्या मनात वाईट काही नसतं. यादी करायला आकडा सोपा पडतो, इतकंच.

शंभर टक्क्यांचा हिशेब

हा आकडा काय सांगतो ते पाहू. राज्य मंडळाच्या दहावीत ३५ टक्क्यांना उत्तीर्ण, ४५ ला द्वितीय श्रेणी, ६० ला प्रथम श्रेणी आणि ७५ ला विशेष प्रावीण्य. टक्केवारी सहापैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर निघते; त्यालाच पालक ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ म्हणतात. शिवाय खेळ, चित्रकला, लोककला यांसाठी नियमानुसार वाढीव गुण मिळतात. २०२५ च्या निकालात २११ विद्यार्थ्यांना १०० टक्के मिळाले आणि त्यांतले ११३ एकट्या लातूर विभागातले होते. ‘शंभर टक्के’ म्हणजे प्रत्येक पेपरात एकही गुण गेला नाही असं अनेकांना वाटतं. तसं असेलच असं नाही. वाढीव गुण धरून पाच विषयांची बेरीज पाचशेला भिडली की शंभर टक्के होतात.

यात त्या मुलांचं श्रेय कमी होत नाही. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेलाही हात बसवावा लागतो आणि जिल्ह्याच्या मैदानावर धावावंही लागतं. पण ९९.२ आणि ९८.६ मधला फरक पाहून कुणाला मोठी ढाल आणि कुणाला छोटी हे ठरवण्याइतकी ही मोजपट्टी बारीक नाही. मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणं बंद केलं, त्यामागे हीच जीवघेणी चढाओढ कमी व्हावी हा विचार होता. मंडळाने थांबवलेली यादी आपण गल्लोगल्ली पुन्हा लावतो.

७५० पैकी २८२

मराठी मुलखातला सगळ्यात महत्त्वाचा गुणगौरव समारंभ मुंबईत झाला. सत्कारमूर्ती भीमराव रामजी आंबेडकर. १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाल्यावर हा समारंभ झाला, समाजसुधारक सीताराम केशव बोले अध्यक्ष होते, असं चरित्रकार सांगतात. स्वतः बाबासाहेबांनी १९५६ मध्ये ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र इंग्रजी चौथीच्या परीक्षेचा उल्लेख आहे आणि अध्यक्ष म्हणून दादा केळुसकरांचं नाव आहे. तपशिलाची ही तफावत अभ्यासकांनी सोडवावी. आपल्याला त्या आठवणीतला आशय पुरेसा आहे.

बाबासाहेब तिथे म्हणतात की इतर समाजांतल्या शिक्षणाची स्थिती पाहता हा काही समारंभ करण्याजोगा प्रसंग नव्हता. पण समाजातला पहिला मुलगा इथवर पोचला, म्हणून लोकांना सभा घ्यायची होती. वडिलांनी, सुभेदार रामजींनी, साफ नकार दिला. पोराने एक परीक्षा पास केली आहे, एवढ्याने त्याच्या डोक्यात हवा जाईल, हा त्यांचा आक्षेप. मग मंडळी याच दादांकडे, म्हणजे कृष्णराव अर्जुन केळुसकरांकडे गेली, त्यांनी रामजींची समजूत काढली आणि सभा झाली.

मॅट्रिकच्या गुणांचा जो आकडा चरित्रांत येतो तो ७५० पैकी २८२, म्हणजे ३७.६ टक्के. आजच्या कुठल्याही मंडळाच्या कार्यालयात ही झेरॉक्स घेऊन गेलं असतं तर ‘यंदा ८५ ची अट आहे’ म्हणून परत पाठवलं असतं. परळच्या चाळीतली एकच खोली, शाळेतली अस्पृश्यता, हे सगळं ओलांडून आलेले ते २८२ गुण होते. सभा बोलावणाऱ्यांनी मुलगा कुठून कुठे आला ते अंतर मोजलं.

त्या काळी मॅट्रिकला मोठ्या मानाचं एक बक्षीस होतं: जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती. १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिले आलेले चिंतामणराव देशमुख यांनी ती मिळवली. पुढे केंब्रिजला ते निसर्गविज्ञान शिकले, वनस्पतिशास्त्रातलं पारितोषिकही मिळवलं, आयसीएसला पहिले आले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. संस्कृत मात्र सुटलं नाही. मेघदूताचा मराठी अनुवाद आणि स्वतःच्या संस्कृत कविता त्यांच्या नावावर आहेत. शालेय बक्षीस किती खोल रुजू शकतं, त्याचा हा नमुना. भीमरावांना मात्र या बक्षिसाच्या शर्यतीत उभंच राहता आलं नाही. संस्कृत शिकायची इच्छा होती, पण शिक्षकाने अस्पृश्य मुलाला शिकवायला नकार दिला आणि त्यांना फारसी भाषा घ्यावी लागली. एखाद्या बक्षिसाच्या यादीत कोण नाही हे पाहिल्याशिवाय त्या यादीचा अर्थ लागत नाही.

आता भेटवस्तू. केळुसकर विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला ओळखत होते. त्यांनी त्याला आपणच लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र दिलं. त्या पुस्तकाने आपण भारावून गेलो, असं बाबासाहेबांनी नोंदवलं आहे. आणि केळुसकर सभा संपल्यावर घरी जाऊन विसरले नाहीत. कॉलेजातल्या इंटर परीक्षेनंतर शिक्षण अडलं तेव्हा त्यांनीच सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२ मध्ये बी.ए., १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठ.

स्पर्धा ओळखायची कशी

परीक्षेपेक्षा स्पर्धांच्या बाबतीत गोंधळ जास्त आहे. ‘ऑलिंपियाड’ हे नाव कुणालाही वापरता येतं. फी भरा, शाळेतच पेपर द्या, पदक घ्या अशा खासगी परीक्षांनाही ते लावलेलं असतं. सरावाला त्या वाईट नाहीत, पण सत्काराच्या यादीत त्यांना खऱ्या ऑलिंपियाडशेजारी बसवू नये.

खऱ्याची वाट अशी. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हे केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं आणि गणित व विज्ञान ऑलिंपियाडचं देशाचं काम तिथून चालतं. भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, खगोलशास्त्र यांसाठी भौतिकी शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेची पहिली चाळणी, मग राष्ट्रीय ऑलिंपियाड, मग मानखुर्दचं निवड शिबिर आणि शेवटी देशाचा चमू. गणितात चाळण्या वेगळ्या, पण चढण तशीच. पहिल्या फेरीला हजारो मुलं बसतात, आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडला देशातून जातात ती सहा.

तिथे दोन दिवस, रोज साडेचार तास, एकूण सहा प्रश्न. प्रत्येकाला ७ गुण, म्हणजे ४२. साधारण निम्म्या स्पर्धकांना पदक मिळतं, सुवर्ण, रौप्य, कांस्य अंदाजे १:२:३ या प्रमाणात. आणि पदक हुकलं पण एक प्रश्न पूर्ण निर्दोष सोडवला, तर त्याचाही सन्मानपूर्वक उल्लेख होतो. सहापैकी एक! दहावीत पाच गुण गेले म्हणून रडणाऱ्या घरांनी या नियमाकडे जरा निवांत पाहावं. भारत या स्पर्धेत १९८९ पासून उतरतो, १९९६ मध्ये ती मुंबईत भरली होती. २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ इथे भारताने चार सुवर्ण, एक रौप्य आणि एक सन्मानपूर्वक उल्लेख मिळवून चौथा क्रमांक पटकावला.

राज्यात मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते. तिचं वैशिष्ट्य असं की लेखी परीक्षा ही फक्त पहिली पायरी. पुढे प्रात्यक्षिक, कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत. पाठांतरावर पहिली पायरी कदाचित चढता येते, दुसरीला हात कामाला लावावे लागतात.

मला सगळ्यात उपेक्षित वाटते ती एनएमएमएस. आठवीतल्या, सरकारी वा अनुदानित शाळेतल्या, मर्यादित उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीची ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. एखाद्या तालुक्यात या रकमेवर मुलीचं शिक्षण टिकतं. चौकात तिचा फ्लेक्स क्वचित दिसतो, कारण क्लासला त्यातून जाहिरात मिळत नाही. १९६३ पासून चाललेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर थांबली आहे, तेव्हा उरलेल्या अशा परीक्षांकडे शाळांनी जास्तच लक्ष द्यायला हवं.

फोटो लावण्याआधी

सत्कारमूर्ती अठरा वर्षांखालचे असतात, हे फ्लेक्स छापताना कुणाच्या ध्यानात येत नाही. नाव, शाळा, टक्केवारी, फोटो, कधी घरचा पत्ताही, सगळं चौकात आणि व्हॉट्सॲपवर. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यात अठराखालची व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. क्लासच्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: यशस्वी विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरायचं तर निकालानंतर घेतलेली लेखी संमती हवी आणि त्याने कोणता कोर्स केला तेही सांगायला हवं. चार दिवसांची टेस्ट सिरीज घेऊन ‘आमचा विद्यार्थी’ म्हणवणाऱ्यांची यामुळे अडचण होते, व्हायलाच हवी. पालकांनी प्रवेशाच्या वेळी डोळे मिटून कुठल्याही कागदावर सही करू नये.

माइकवर काय बोलावं

‘जात्याच हुशार’ हे निवेदकाचं आवडतं विशेषण. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या मानसशास्त्रज्ञांचं १९९८ मधलं संशोधन (योगायोगाने तेही कोलंबिया विद्यापीठातलंच) यावर बोलकं आहे. पाचवीतल्या मुलांना कोडी दिली, मग काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. पुढच्या वेळी हुशार म्हटलेल्यांचा कल सोप्या कोड्यांकडे राहिला आणि अवघड फेरीत आपटल्यावर त्यांची कामगिरी घसरली. या विचारावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण एवढं तर कुठलाही शिक्षक सांगेल: मुलाने नेमकं काय केलं ते सांगितलं की त्याला ते पुन्हा करता येतं. ‘हिने भूमितीची प्रमेयं पाठ न करता सहा-सहा वेळा रचून पाहिली’ हे वाक्य लिहायला निवेदकाला वर्गशिक्षकांना आदल्या दिवशी फोन करावा लागतो. पाहुण्यांच्या परिचयासाठी तो करतोच की.

पाहुण्यांचं भाषण दहा मिनिटांत संपवावं. जमलेल्या मुलांना पाहुण्यांच्या संघर्षापेक्षा अकरावीच्या प्रवेशफेरीची चिंता असते.

यादी आणि हातात द्यायच्या गोष्टी

टक्केवारीची अट ठेवायचीच तर तिच्याशेजारी आणखी दोन-तीन रकाने घालता येतात: घरातून पहिल्यांदा दहावी झालेले, रात्रशाळेतून उत्तीर्ण झालेले, नापास होऊन पुन्हा बसून निघालेले, आठवीत शिष्यवृत्ती मिळवलेले. नावं शिक्षकांकडून मागवावीत; अशी मुलं स्वतःहून झेरॉक्स घेऊन येत नाहीत.

शालीऐवजी पुस्तक द्यावं, पण घाऊक घेतलेला एकच गठ्ठा नको. मुलाने मागितलेलं द्यावं. शब्दकोश, वैज्ञानिक कॅल्क्युलेटर, वाचनालयाची वर्षाची वर्गणी, एसटीचा तिमाही पास हेही चालेल. कार्यक्रम ऑगस्टपर्यंत लांबवू नये, कारण खर्चाची खरी ओढाताण प्रवेशाच्या आठवड्यात असते. प्रमुख पाहुण्याच्या खुर्चीवर दोन वर्षांपूर्वी दहावी झालेली त्याच शाळेची मुलगी बसवावी. कोणतं वसतिगृह, कोणती बस, विज्ञानशाखेचा पहिला धक्का कुठे बसतो, हे तिला माहीत असतं. आणि सभागृहाच्या मागच्या बाजूला एक टेबल, एक लॅपटॉप आणि राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येणारा माणूस ठेवावा. निमंत्रणपत्रिकेवरच छापावं: येताना उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला असल्यास तो, आधारशी जोडलेल्या बँक खात्याचं पासबुक आणि दहावीची गुणपत्रिका सोबत आणावी.