रांगेतला शेवटचा माणूस

संगणक एका वेळी अनेक कामे कशी हाताळतो, हे समजायला आपले स्वयंपाकघर पुरेसे आहे. कुकर चढवला की स्वयंपाक करणारे माणूस त्याच्यापुढे उभे राहत नाही. ते भाजी चिरायला घेते आणि शिट्टी झाली की वळते. काम सोपवून मोकळे व्हायचे आणि ते झाल्याची वर्दी आली की पुढचे पाहायचे, याला संगणकाच्या भाषेत ‘एसिंक्रोनस’ काम म्हणतात. मोबाइलवर फोटो उतरत असतानाच आपण बातमी वाचतो, ती याच पद्धतीमुळे.

पण शेगडीला बर्नर दोनच असतात. संगणकालाही मेमरी, प्रोसेसर आणि नेटवर्क यांची मर्यादा आहे. हजार फोटो एकदम मागवले तर मेमरी भरते, पलीकडचा सर्व्हर गुदमरतो आणि एकही फोटो धड पुरा होत नाही. म्हणून प्रोग्राम लिहिणारा ठरवतो, की एका वेळी चारच. एक बाहेर पडला की एक आत. या पहाऱ्यासाठी डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात ‘सेमाफोर’ ही कल्पना मांडली. रेल्वेच्या हात-सिग्नलला म्हणतात तोच हा शब्द.

आता बाहेर थांबलेल्यांत आधी कोण? आला तसा घ्यावा, ही साधी रांग. पण घरात सूर्यास्तापूर्वी जेवणारे आजोबा असतील, तर त्यांची खिचडी शेवटी सांगितलेली असली तरी आधी चढते. ही प्राधान्याची रांग. चढलेले पातेले मात्र सहसा मध्येच उतरवत नाहीत. बर्नर रिकामा झाला की निवड होते. त्यासाठी सगळी रांग दर वेळी नव्याने लावावी लागत नाही. जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ मध्ये ‘हीप’ नावाची मांडणी प्रसिद्ध केली. ती वंशावळीसारखी असते. प्रत्येक काम आपल्याखालच्या दोन कामांइतके किंवा त्यांहून निकडीचे असते, म्हणून सर्वांत निकडीचे काम सदैव शेंड्यावर सापडते. हजार कामांत नवे काम बसवायला दहाहून अधिक तुलना लागत नाहीत.

खरी अडचण पुढेच आहे. दवाखान्यात तापाने फणफणलेले मूल आले की त्याला आधी घ्यावेच लागते. पण अशी मुले दिवसभर येत राहिली, तर गुडघेदुखीच्या आजी सकाळी नऊला येऊनही संध्याकाळपर्यंत बाकावरच राहतील. प्रत्येक निर्णय योग्य, तरी एकूण अन्याय! संगणकशास्त्रात या अवस्थेला चक्क ‘स्टार्व्हेशन’, म्हणजे उपासमार, म्हणतात. त्यावर उतारा ‘एजिंग’चा. जितका वेळ थांबला, तितका दर्जा वाढवायचा. दर अर्ध्या तासाला आजींना एक पायरी वर चढवली, की त्यांची पाळी येतेच. छातीत कळ येणारा रुग्ण अर्थातच या हिशेबाबाहेर. त्याच्यासाठी एक जागा राखून ठेवावी.

तळाच्या कामाकडे पाहायचे ते केवळ दयेपोटी नव्हे. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या नासाच्या पाथफाइंडर यानाचा संगणक काही दिवसांतच वारंवार बंद होऊन नव्याने सुरू होऊ लागला. हवामानाच्या नोंदींचे कमी दर्जाचे काम एक सामाईक किल्ली हाती धरून अडकले होते. मधल्या दर्जाची कामे त्याला पुढे सरकू देत नव्हती. तीच किल्ली हवी असलेले वरच्या दर्जाचे काम त्यामुळे खोळंबले होते. अभियंत्यांनी पृथ्वीवरूनच दुरुस्ती पाठवली. किल्ली ज्याच्या हाती, त्याला तेवढ्यापुरता वाट पाहणाऱ्याचा दर्जा द्यायचा, एवढीच ती. मग यान सुरळीत चालले.

तेव्हा संगणक असो, दवाखाना असो की लग्नघरातली पंगत, व्यवस्था लावणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत. एका वेळी किती? आधी कोण? आणि जो शेवटी आहे, त्याची पाळी नक्की केव्हा? पहिल्या दोहोंची उत्तरे बहुतेकांजवळ तयार असतात. तिसऱ्याचे उत्तर आधीच लिहून ठेवावे, कारण तो माणूस स्वतःहून पुढे येऊन विचारीलच असे नाही.