आतड्यांची राखण

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंनी २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसांचा थेट बळी घेतला आणि एकूण ४९ लाख ५० हजार मृत्यूंमध्ये अशा संसर्गाचा काही ना काही वाटा होता, असा अंदाज ‘द लॅन्सेट’ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. या संकटाची चर्चा बहुधा नव्या औषधांच्या दुष्काळाभोवती फिरते. जुनी औषधे शरीरात गेल्यावर आतड्यांत काय घडते, याकडे मात्र बराच काळ दुर्लक्ष झाले. न्यूमोनियासाठी शिरेतून दिलेले सेफ्ट्रिअॅक्सोन फुप्फुसापुरते थांबत नाही. त्याचा बराचसा भाग पित्ताबरोबर आतड्यांत उतरतो आणि आजाराशी काडीचाही संबंध नसलेल्या जिवाणूंचा फडशा पाडतो.

हे जिवाणू मायक्रोबायोमचा, म्हणजे शरीरात वस्तीला असलेल्या सूक्ष्मजीवांच्या समुदायाचा, भाग असतात. प्रौढ शरीरात जिवाणूंची संख्या सुमारे ३८ लाख कोटी असते, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या पेशींहून थोडी अधिकच. त्यांची दाटी हीच एक संरक्षक फळी असते, हे शिकागो येथे बोनहॉफ, ड्रेक आणि मिलर यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. एरवी उंदराला साल्मोनेलाची बाधा होण्यासाठी सुमारे एक लाख जिवाणू पोटात जावे लागत. पण स्ट्रेप्टोमायसिनची एक मात्रा दिलेल्या उंदराला दहापेक्षाही कमी पुरत. मोकळ्या झालेल्या जागेत प्रतिकारक्षम जाती फोफावतात आणि आपली जनुके शेजारच्या जातींनाही देऊ लागतात. कार्बापेनेम गटातील राखीव औषधे निकामी करणाऱ्या ‘एनडीएम-१’ या जनुकाचा प्रवास या दृष्टीने बोलका आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी दिल्लीत तपासलेल्या नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ आणि साचलेल्या वा झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत हे जनुक सापडले. रुग्णालयाची भिंत ओलांडून ते गटारापर्यंत आणि तेथून पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचले होते.

उजाड झालेली आतडी पुन्हा वसवता येतात, याचा सर्वांत ठळक पुरावा क्लोस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जिवाणूमुळे होणाऱ्या चिवट अतिसाराने दिला. या जिवाणूचे बीजाणू पित्तातील काही आम्लांमुळे अंकुरतात, तर आतड्यांतील निरोगी जिवाणू त्याच आम्लांचे अशा रूपांत परिवर्तन करतात की डिफिसिलची वाढ खुंटते. निरोगी दात्याच्या विष्ठेतील जिवाणू रुग्णाच्या आतड्यांत सोडण्याचा प्रयोग अमेरिकेत १९५८ मध्येच झाला होता. किळस बाजूला ठेवून त्याची काटेकोर चाचणी व्हायला मात्र २०१३ उजाडावे लागले. नेदरलँड्समधील त्या चाचणीत १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच रोपणाने आणि आणखी २ दुसऱ्या रोपणाने बरे झाले, तर केवळ व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक घेणाऱ्या १३ जणांपैकी ४ बरे झाले. फरक इतका मोठा होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. उपाय निर्धोक नाही, हे २०१९ मध्ये कळले. दात्याच्या विष्ठेतील प्रतिकारक्षम ई. कोलायमुळे अमेरिकेत एका रुग्णाचा मृत्यू झाला. जे पेरायचे तेच तपासले गेले नव्हते. एप्रिल २०२३ मध्ये तेथे मान्यता मिळालेल्या तोंडावाटे घ्यायच्या कॅप्सूलमध्ये मात्र विष्ठेतून शुद्ध केलेले बीजाणूच असतात.

नॅनो तंत्रज्ञान या प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाने येते. साधारण १०० नॅनोमीटरपेक्षा लहान कणांचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने प्रचंड असते. त्यामुळे चांदीसारख्या धातूची जिवाणुनाशक शक्ती त्या आकारात वाढते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर यांच्या गटाने जखमांवर लावण्यासाठी नॅनोचांदीचे जेल विकसित केले. वरून लावण्यापुरता हा उपयोग रास्तच. पण चांदी भेदभाव करत नाही, आणि जिवाणू तिलाही हुलकावणी देतात. चेक प्रजासत्ताकातील ओलोमौत्स येथील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की वारंवार संपर्कात आलेला ई. कोलाय आपल्या शेपटीचे प्रथिन, फ्लॅजेलिन, बाहेर सोडतो. ते चांदीच्या कणांच्या गुठळ्या करते आणि त्यांचा मारा बोथट होतो. डाळिंबाच्या सालीच्या अर्काने फ्लॅजेलिनची निर्मिती रोखली की चांदी पुन्हा लागू पडते, हे त्याच अभ्यासातील निरीक्षण आपल्याकडील डाळिंब उत्पादकांना गमतीचे वाटावे.

मारण्यापेक्षा पोहोचवण्याच्या कामी हे तंत्र अधिक उपयोगी ठरते. अॅमिकासिन हे मूत्रपिंड आणि श्रवणशक्ती यांना अपाय करू शकणारे औषध मेदाच्या सूक्ष्म पोकळ गोळ्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून श्वासावाटे दिले, तर ते फुप्फुसातील भक्षक पेशींत शिरते. क्षयाच्या नात्यातले मायकोबॅक्टेरिया नेमके तेथेच दडलेले असतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या उपचाराची जोड मिळालेल्या २९ टक्के रुग्णांची थुंकी सहा महिन्यांत जिवाणूमुक्त झाली, नुसत्या जुन्या उपचाराने ८.९ टक्क्यांची. शिवाय हे औषध आतड्यांच्या वाटेला फारसे जात नाही, आणि मायक्रोबायोम व नॅनो तंत्रज्ञान या दोन्ही शाखांचा सांधा येथेच जुळतो.

हीच राखण नॅनोकणांशिवायही साधता येते. सेफ्ट्रिअॅक्सोन घेणाऱ्या रुग्णांना सोबत तोंडावाटे रायबॅक्सामेझ हे विकर दिले, तर आतड्यांत उतरलेल्या औषधाचे तेथेच विघटन होते आणि रक्तातील औषध मात्र शाबूत राहते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रत्येकी २०६ रुग्णांच्या दोन गटांपैकी विकर घेणाऱ्यांत डिफिसिलचा संसर्ग २ जणांना, तर इतरांत ७ जणांना झाला. भारतीय रुग्णालयांना मात्र डिफिसिलपेक्षा कार्बापेनेमला न जुमानणारा क्लेबसिएला हा जिवाणू अधिक सतावतो. त्यामुळे हे विकर येथे कितपत कामी येईल, हे क्लेबसिएलाच्या आतड्यांतील वस्तीवर त्याचा काय परिणाम होतो, ते मोजूनच ठरवावे लागेल.