ॲबस्ट्रॅक्टमध्ये निकाल लिहायचेच असतात

'आविष्कार' संशोधन स्पर्धा जवळ आली की नरडाण्यापासून जळगावपर्यंतच्या महाविद्यालयांत ॲबस्ट्रॅक्टची, म्हणजे संशोधनाच्या सारांशाची, धांदल उडते आणि तोच सल्ला पुन्हा कानावर येतो : ॲबस्ट्रॅक्टमध्ये विषयाची ओळख द्या, निकाल पोस्टरसाठी राखून ठेवा.

हा सल्ला साफ चुकीचा आहे. उत्सुकता ताणून धरणं रहस्यकथेत शोभतं. बहुतेक वाचक ॲबस्ट्रॅक्टच्या पुढे जातच नाहीत. जे सापडलं ते तिथेच कळलं नाही, तर त्यांच्यापुरतं ते सापडलेलंच नाही.

समजा, विद्यार्थ्यांनी नरडाणा परिसरातल्या 20 विहिरींच्या पाण्याची कठिणता मोजली. ॲबस्ट्रॅक्ट सुरू होतो 'पाणी म्हणजे जीवन'पासून, मग वाढती लोकसंख्या, मग प्रदूषण, आणि शेवटी 'मिळालेल्या निकालांची चर्चा केली आहे'. अहो, पण निकाल काय? पोरांनी उन्हातान्हात फिरून नमुने आणले, ईडीटीएने टायट्रेशन केलं, आणि त्यातला एक आकडाही कागदावर नाही! लिहायला हवं ते असं : प्रश्न काय होता, नमुने किती आणि कोणत्या महिन्यातले, पद्धत कोणती, कठिणता किती ते किती निघाली, भारतीय मानक आयएस 10500 मधली लिटरला 200 मिलिग्रॅमची स्वीकार्य मर्यादा किती विहिरींनी ओलांडली, आणि त्यावरून काय म्हणता येतं. पार्श्वभूमीला एखादं वाक्य पुरे. सगळ्यात जास्त जागा निकालांना.

हे माझं खासगी मत नव्हे. 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकाने 1987 साली शीर्षकांत विभागलेल्या ॲबस्ट्रॅक्टचा आराखडा मांडला, त्यात निकालांना स्वतंत्र रकाना होता.

'ॲबस्ट्रॅक्ट आधी लिहून टाका, प्रयोग नंतर बघू' हाही असाच घातक सल्ला. ॲबस्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी लिहायचा आणि त्यातला प्रत्येक आकडा मूळ अहवालाशी ताडून पाहायचा. 1999 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका तपासणीत नामांकित वैद्यकीय नियतकालिकांचे ॲबस्ट्रॅक्ट पाहिले, तेव्हा मूळ लेखाशी न जुळणारी किंवा लेखात नसलेलीच माहिती असलेल्यांचं प्रमाण नियतकालिकागणिक 18 ते 68 टक्के निघालं.

अवघड इंग्रजीने वजन वाढत नाही. आधी मराठीत नीट मांडा, मग भाषांतर करा. संदर्भांची यादी सहसा लागत नाही. अपेक्षेविरुद्ध आलेला निकाल लपवायचा नसतो. आणि गेल्या वर्षीच्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये नावं बदलून देणं ही सरळ चोरी आहे, मग तो नमुना खुद्द सरांनी दिलेला का असेना.