कैची, हात की सरकती शिडी?

आंबा बागायतदाराकडे गेलं की आम्हा कृषी खात्यातल्या माणसांना विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. तुडतुडे, करपा, कल्टारची मात्रा. जामसंड्याच्या एका घरी मात्र परवा वेगळाच प्रश्न पुढे आला. मुलगा तंत्रनिकेतनात शिकतो. स्पर्धेसाठी चार मित्रांनी मिळून रोबो करायला घेतलाय. ३ किलोची पेटी उचलून ३ फूट उंच फळीवर ठेवायची. उचलायची कशी, यावर चौघांत वाद. पैसे आंब्याच्या पट्टीतून दिलेले, म्हणजे दोनदा करून बघणं शक्य नाही.

अशा स्पर्धा आपल्याकडे नव्या नाहीत. २००८ साली पुण्यात एशिया-पॅसिफिक रोबोकॉन झाली, तिचा विषयच दहीहंडी होता. २०१४ साली पुन्हा पुण्यातच झाली, तेव्हा पालक रोबोने बाळ रोबोला उचलून झोपाळ्या-सीसॉवर न्यायचं होतं. दोन्ही वेळी उचलणं आलंच.

मुलांचं मन कैचीवर बसलेलं. ‘‘काका, दिसता कशी बघा!’’ दिसते खरी. पण कैची मिटलेली असते तेव्हाच तिला सर्वात जास्त जोर लागतो. पाती जमिनीशी १५ अंशांत असताना बुडाशी आडवं ढकलायचं, तर वजनाच्या पावणेचार पट जोर हवा. एकावर एक दोन कैच्या चढवल्या की साडेसात पट. शिवाय प्रत्येक सांधा थोडा ढिला, म्हणजे वर पेटी डुलणार.

दुसरा मार्ग सरकत्या शिडीचा. ड्रॉवरचे चॅनल, दोरी आणि कप्प्या. पेटी सरळ वर जाते, जागा कमी लागते. उंची ५-६ फूट असती तर मी हाच सांगितला असता. पण चॅनल जरा तिरके बसले की अडकतात, आणि सुटलेली दोरी ऐन सामन्यात परत ओवता येत नाही.

राहिला साधा हात. पाऊण मीटर हाताच्या टोकाला ३ किलो म्हणजे आसावर २२५ किलो-सेंटिमीटरचा पीळ, हाताचं वजन वेगळंच. मुलं इथेच अडली होती. पडवीत सुपारी कातरत बसलेले आजोबा म्हणाले, ‘‘लाटेक मागे धोंडो कित्याक बांधतत रे?’’

आजच्या पोरांनी विहिरीवरची लाट पाहिलेली नाही. आडव्या दांड्याच्या मागे धोंडा, पुढे भांडं. रिकामं भांडं खाली ओढताना माणसाने अंग टाकायचं, भरलेलं धोंडा वर आणतो. रोबोला तेच लागू. मागच्या बाजूने हाताचं सगळं आणि पेटीचं अर्धं वजन तोलून धरलं, तर मोटरला जाताना आणि येतानाही निम्माच पीळ पडतो. रोबोच्या वजनाला मर्यादा आहे, म्हणून धोंड्याऐवजी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून लावायला सांगितल्या. पेटी आडवी होऊ नये म्हणून एकाऐवजी दोन समांतर दांडे.

एक गोष्ट मात्र जपायची. पेटी सुटली की तोललेला हात उसळतो. त्यासाठी गाडीच्या वायपरची मोटर बरी. तिच्यातल्या वर्म गियरमुळे करंट बंद केला तरी हात सहसा जागचा हलत नाही. पोरं कणकवलीला भंगारात ती शोधायला गेली आहेत. पट्ट्या किती ताणायच्या, ते ३ किलो तांदळाची पिशवी टांगून रविवारी अंगणातच ठरवायचं आहे.